मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेऱ्याला लांब टेलिफोटो लेन्स जोडणे

एका बनावटीच्या कॅमेऱ्यासाठी घडवलेली लांब फोकल लेंग्थची (साधारणपणे १८० मिमीपासून पुढची) लेन्स, १२० रोल (३५ मिमीपेक्षा रुंद, मीडियम फॉरमॅटची फिल्म) वापरणाऱ्या दुसऱ्याच बनावटीच्या कॅमेऱ्यावर बसवण्याची पद्धत. काम नावाला फोटोग्राफीचे, पण त्यातले निम्म्याहून अधिक लेथचे. बडोद्यात या दोन्ही गोष्टी हाताशी आहेत : मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत हवे ते धातूचे कडे उतरवून देणारे टर्नर (लेथ कारागीर), आणि लांब लेन्सची हौस भागवायला डभोईजवळचा वढवाणा तलाव.

सगळा हिशेब फ्लँज अंतराचा असतो. कॅमेऱ्याच्या ज्या तोंडावर लेन्स टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचे हे अंतर. पेंटॅकॉन सिक्सचे ७४.१ मिमी, हॅसलब्लाडच्या जुन्या ५०० मालिकेचे ७४.९, मामिया ६४५ चे ६३.३, पेंटॅक्स ६७ चे जवळपास ८५. लेन्सच्या मूळ कॅमेऱ्याचे अंतर जास्त आणि नव्याचे कमी असेल, तर मधल्या फरकाएवढे कडे घातले की काम झाले. पेंटॅकॉनच्या लेन्सला मामियावर १०.८ मिमीचे कडे लागते. म्हणून येनाच्या झाइस कारखान्यातली १८० मिमी एफ/२.८ आणि ३०० मिमी एफ/४ ‘सोनार’ (हे लेन्सचे नाव) किंवा सोव्हिएत ताइर-३३ या लेन्स मामियावर बिनघोर चालतात. त्याच लेन्स हॅसलब्लाडवर ०.८ मिमीने अडतात, आणि पेंटॅक्स ६७ वर तर प्रश्नच नको. हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेची आणखी एक अडचण म्हणजे तिचे मुख्य शटर लेन्समध्येच असते. बिनशटरची परकी लेन्स तिला फारशी कामाची नाही. १९७७ साली आलेल्या २०००एफसीत शटर फिल्मच्या पुढ्यात होते, त्यामुळे ती अडचण तिथे नाही.

नियम उलटा पडला तरी लांब लेन्स थोडी सवलत देते, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. निकॉनच्या ३५ मिमी कॅमेऱ्याचे फ्लँज अंतर ४६.५ मिमी. त्याची लेन्स मामियावर लावली की ती फिल्मपासून १६.८ मिमी जास्त दूर जाते. ५० मिमीची लेन्स अशाने वीसेक सेंटिमीटरच्या पलीकडचे काही दाखवणार नाही. ५०० मिमीची लेन्स मात्र सुमारे १५.४ मीटरपर्यंतचे नीट पकडते. सयाजीबागेतल्या झाडावरच्या पोपटाला तेवढे पुरते, वढवाण्याला नाही. काही जण अशा लेन्सची मागची रिकामी नळी कापून तो फरक काढून टाकतात. लेन्स जुनी, स्वस्त आणि नळी खरोखर रिकामी असेल तरच हे करावे. कापलेली नळी परत वाढत नाही.

टर्नरकडे जाताना रेखाचित्र लागते आणि त्यावर एकच सूचना ठळक लिहावी : जाडी कमी झाली तर चालेल, जास्त नको. कडे दोन-तीन दशांश मिलिमीटर पातळ झाले तर फोकस अनंताच्या, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंच्या, थोडा पुढे जातो, एवढेच. जाड झाले तर क्षितिज कधीच स्पष्ट येत नाही. दोन्ही तोंडांचे फेसिंग (तोंड सपाट कापणे) जॉब न काढता एकाच पकडीत झाले तर उत्तम, नाहीतर ती समांतर राहत नाहीत आणि चौकटीची एक बाजू मऊ येते. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजून घ्यावे. आतून ॲल्युमिनियम चकचकीत ठेवू नये. बारीक आटे पाडून त्यावर मॅट काळा रंग द्यावा किंवा काळा मखमली कागद चिकटवावा. नाहीतर आतल्या परावर्तनाने निगेटिव्ह धुरकट येते आणि दोष उगाच लेन्सवर जातो.

पारख करताना फिल्मच्या जागी घासलेली काच धरायची, शटर ‘बी’वर (बटण दाबेपर्यंत उघडे राहणारी जागा) उघडे ठेवायचे आणि लुपेतून, म्हणजे छोट्या भिंगातून, पाहायचे. इथे समोरच्या सोसायटीवरची पाण्याची टाकी कामाची नाही. ५०० मिमी लेन्सला एक किलोमीटरवरची वस्तूही अनंत नसते. पाव मिलिमीटरचा फरक राहतोच. हालोलच्या रस्त्यावरून दिसणारा पावागड बरा, चंद्र त्याहून बरा.

दुसरा प्रश्न प्रतिमावर्तुळाचा, म्हणजे लेन्स फिल्मवर पाडते त्या गोल प्रतिमेच्या आकाराचा. ३५ मिमी चौकटीचा कर्ण ४३ मिमी, ६×४.५ चा सुमारे ७०, ६×६ चा ७९. लांब लेन्सचे वर्तुळ बहुधा गरजेपेक्षा मोठे असते, पण मागचे अरुंद माउंट (लेन्स जोडण्याचे तोंड) कोपरे खाते. व्ह्यूफाइंडरमधला अंधार मात्र फसवा असू शकतो : आरसा आखूड असला की वरची कड काळी दिसते, फिल्मवर ती नीट येते.

मोठ्या फिल्मने पक्षी जवळ येतो हा समज चुकीचा आहे. गायकवाडी काळात, १९१० साली, सिंचनासाठी बांधलेल्या आणि २०२१ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेल्या वढवाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. साठ मीटरवरचा पाऊण मीटर लांबीचा हंस ५०० मिमी लेन्सने फिल्मवर जेमतेम ६ मिमीचा येतो, मग फिल्म ३५ मिमीची असो वा १२० ची. वाढतो तो भोवतालचा परिसर. त्यामुळे एकट्या पक्ष्यापेक्षा थवा, पाणी आणि काठची झाडे एका चौकटीत मागे-पुढे दाटून आलेली हवी असतील, तेव्हाच या खटाटोपाला अर्थ आहे.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये. पेंटॅकॉनची ५०० मिमी एफ/५.६ साडेतीन किलोंच्या आसपास भरते. ट्रायपॉडवर कॅमेरा नव्हे, लेन्सची कॉलर (तिच्या नळीभोवतीचे पकडकडे) बसवायची. कॅमेरा तिच्या मागे लटकेल. मोठ्या आरशाचा धक्काही लांब लेन्सला सोसत नाही. मामिया ६४५ मध्ये आरसा आधी वर उचलून ठेवता येतो आणि पेंटॅक्स ६×७ ला ती सोय १९७६ मध्ये मिळाली. पेंटॅकॉन सिक्समध्ये मुळात ती नाही, तेव्हा तिथे भर उन्हात वेगवान शटर ठेवूनच काम करावे लागते.