डबल ट्रॉली (ऊसवाहतूक)

एका ट्रॅक्टरमागे एकीला एक अशा दोन ट्रॉल्या जोडून शेतातला ऊस साखर कारखान्यावर नेण्याची पद्धत. मराठवाड्यात ती गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, सर्वत्र दिसते.

जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाल्यावर गोदाकाठच्या कालव्यांवर ऊस वाढला. पाठोपाठ कारखाने वाढले, शेत ते गव्हाण (कारखान्यात ऊस टाकण्याची जागा) हे अंतरही वाढले. त्यामुळे मराठवाड्यात ही पद्धत 1980 नंतरच रुजली असावी. तिचे मूळ टायरच्या बैलगाडीत शोधण्यापेक्षा लांबलेल्या वाहतुकीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण बैलगाड्या नाहीशा झाल्या नाहीत, जवळच्या फडांसाठी त्या आजही चालतात. तोडलेला ऊस वाळला की वजन आणि उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात, म्हणून एका खेपेत जास्त माल नेण्याकडे कल असतो.

जोडणीत ट्रॅक्टरचा हुक, ट्रॉलीची दांडी आणि त्यांतून जाणारी पिन हे मुख्य भाग. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार दांडीवाटे हुकावर येतो. ऊस मागे जास्त रचला तर दांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि चाके जागीच फिरतात. पुढे जास्त रचला तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, स्टिअरिंग नीट लागत नाही. दुसऱ्या ट्रॉलीची दांडी पहिलीच्या मागच्या हुकात असते, म्हणून तिथला दोष पहिलीलाही डोलवतो. उतारावर खरी कसोटी लागते. ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतो, त्या मागून ढकलतात आणि ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेकपेडल असतात. रस्त्यावर ती खटक्याने एकत्र जोडलेली हवीत, नाहीतर एकाच बाजूचे चाक अडते. धारूरच्या घाटासारख्या अरुंद, वळणाच्या रस्त्यावर ही दक्षता अटळ आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार ट्रॅक्टर स्वतः माल वाहण्यासाठी बनवलेले वाहन नव्हे, आणि ट्रॉली हे वेगळे, ओढले जाणारे वाहन. मग दोन्ही मिळून काय, यावर बराच वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात (2001) म्हटले, की ट्रॅक्टरचा परवाना असलेला चालक ट्रॉली जोडल्याने अपात्र ठरत नाही. नटवर पारीख प्रकरणात (2005) मात्र ट्रॅक्टर-ट्रॉली हे मालवाहू वाहन मानले गेले. दोन निकाल परस्परविरोधी भासतात. पण पहिल्याचा विषय चालकाचा परवाना, तर दुसऱ्याचा वाहनाचा प्रकार असल्याने ते एकत्र वाचता येतात. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला त्याच वजनगटातले मालवाहू वाहनही चालवता येते, ही मुकुंद देवांगण प्रकरणाची (2017) भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम ठेवली. अपघातानंतर भरपाई कोणी द्यायची हे अशाच मुद्द्यांवर अडते, म्हणून ट्रॉलीची नोंदणी व विमा वेगळा तपासणे मालकाच्या हिताचे.

रात्रीचे अपघात मुख्यतः मागून धडक बसून होतात. उसाच्या वाढ्यांनी (शेंड्याकडच्या पानांनी) मागचा दिवा झाकला जातो, म्हणून दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे, वाढ्यांच्या खाली नव्हे तर बाहेरच्या कडेला, रिफ्लेक्टर लावणे आवश्यक. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली घातलेले दगडही निघताना उचलावेत. दुचाकीस्वारांना ते अंधारात दिसत नाहीत.