घराणेदार आणि घरंदाज : एका गायिकेच्या मतांची पार्श्वभूमी

नागपूरच्या एका गायिकेने अलीकडे मांडलेल्या तीन मतांवरून शहरातल्या संगीतवर्तुळात बरीच चर्चा झाली. 'गायिका' या शब्दात स्त्री आधीच आहे, त्यामुळे मार्च महिन्यात 'महिला गायिका' म्हणून येणारी निमंत्रणे आपण स्वीकारत नाही, हे तिचे पहिले म्हणणे. 'अस्सल' हे विशेषण संगीताच्या बाजारात गाण्याला लावले जात नाही, ते गाणारीच्या राहणीला लावले जाते, हे दुसरे. एकरकमी मानधन घेऊन सगळे हक्क कायमचे लिहून देणाऱ्या करारावर आपण सही करणार नाही, हे तिसरे. पहिल्या दोन मतांना स्त्रीवाद म्हणून दाद मिळाली आणि तिसऱ्याकडे पैशाचा हट्ट म्हणून पाहिले गेले. ही विभागणी इतिहासाला धरून नाही.

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात, आणि ते प्रामुख्याने पेशेवर गायिकांच्या आवाजावर उभे राहिले. तीनेक मिनिटांत राग मांडायचा आणि शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारायचे, अशी त्या मुद्रणांची रीत होती. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे, एवढाच त्या उच्चाराचा उपयोग होता. तरीही गाणारीचे नाव गाण्याला कायमचे जोडले गेले, ते या सोयीमुळे. ते टिकवणे पुढे किती अवघड गेले, हे १९४९ मधल्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटगीताच्या तबकडीवरून दिसते. तिच्यावर गायिकेऐवजी पडद्यावरल्या पात्राचे नाव छापलेले होते.

आता 'अस्सल' या शब्दाविषयी थोडे अधिक, कारण सगळा गुंता तिथेच आहे. कचेरीच्या मराठीत अस्सल म्हणजे मूळ दस्त आणि नक्कल म्हणजे त्याची प्रत. या अर्थाने तबकडी ही नक्कलच. संगीतात मात्र अस्सलपणाची कसोटी घरावर येऊन थांबली आणि ती पुरुषांना एक व स्त्रियांना दुसरी लागली. पुरुषाचे गाणे 'घराणेदार' असले की पुरे होत असे. त्याने कोणापाशी तालीम घेतली, एवढाच प्रश्न असे. स्त्रीला मात्र आधी 'घरंदाज' ठरावे लागे. दोन्ही शब्दांत घर आहे, पण एकात ते गुरूचे आहे आणि दुसऱ्यात बापाचे किंवा नवऱ्याचे. ज्यांनी दिग्गज उस्तादांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली, त्या स्त्रियांची गायकी घराणेदार असूनही त्या घरंदाज नाहीत, म्हणून त्यांना मैफलीत मान आणि समाजात आडपडदा अशी दुहेरी वागणूक मिळाली.

ही कसोटी कुजबुजीपुरती राहिली असती तर तिचा परिणाम मर्यादित राहिला असता. परंतु १९४६ च्या सुमारास, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ज्यांचे खासगी जीवन हा लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना सरकारी नभोवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण वरून आले. शब्दरचना स्त्रीपुरुष दोघांनाही लागू होणारी होती, पण तिचा फटका पेशेवर गायिकांना बसला. दरबार आणि संस्थाने मावळत असताना नभोवाणी हाच नवा आश्रयदाता होता, त्यामुळे त्या दारातून परत फिरणे म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत गाण्याच्या उत्पन्नावर पाणी सोडणे होते. या निर्णयाच्या बाजूने असे सांगितले जाते की, त्यामुळेच मध्यमवर्गीय पालक मुलींना गाणे शिकवायला आणि ध्वनिक्षेपकासमोर पाठवायला तयार झाले. यात तथ्य आहे. मात्र ज्यांनी ती विद्या सांभाळली होती त्यांना बाहेर ठेवून हे दार उघडले गेले, हे त्या समर्थनात सांगितले जात नाही.

नागपूरचे नभोवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, म्हणजे हा वाद ताजा असताना. शहर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि एकाच केंद्राला मराठी व हिंदी अशा दोन्ही श्रोत्यांपर्यंत पोहोचायचे होते. 'बाई' या प्रत्ययाची अडचण इथे जितकी जाणवावी तितकी पुण्यात जाणवण्याचे कारण नव्हते. मराठीत शाळेतल्या शिक्षिका बाई, धुणीभांडी करणाऱ्याही बाईच, आणि थोर गायिकेच्या नावामागे लागलेली बाई ही निव्वळ आदराची. उत्तरेकडच्या कानाला मात्र तोच प्रत्यय नाचगाण्याच्या कोठीची आठवण करून देत असे, म्हणून तिकडे अनेकींनी 'बाई' किंवा 'जान' सोडून 'देवी' अथवा 'बेगम' घेतले. एकाच ध्वनिक्षेपकावर एका भाषेतला मान दुसऱ्या भाषेत आळ ठरू शकत होता. 'महिला' हा सरकारी, निर्जंतुक शब्द पुढे सर्वमान्य झाला, त्यामागे ही धास्तीही असावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्त्रियांच्या सार्वजनिक आवाजाची दुसरी परंपरा याच शहरात होती. जुलै १९४२ मध्ये येथे दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली आणि तिला सुमारे २५ हजार स्त्रिया आल्या. १९५६ नंतर दीक्षाभूमीच्या परिसरात जी गाणी गायली जाऊ लागली, त्यांत स्त्रियांचा आवाज पुढे होता. तिथे गाणारीला घरंदाज असल्याचा दाखला कोणी मागितला नाही. संगीतसमीक्षेने मात्र या गाण्याला प्रचार म्हणून बाजूला ठेवले.

तिसऱ्या मताचा, म्हणजे मोबदल्याचा इतिहासही गायिकांनीच घडवलेला आहे. १९६० च्या दशकात एका अग्रगण्य पार्श्वगायिकेने गाणाऱ्यांना स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळावे अशी मागणी केली. तिच्याच तोडीच्या एका गायकाचे मत होते की, मानधन मिळाले की गायकाचा संबंध संपला. या मतभेदामुळे दोघांची युगुलगीते काही वर्षे थांबली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला काहीच हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षे झाली. गाण्याच्या व्यावसायिक वापरातून स्वामित्वधन, कलावंत म्हणून नाव लावले जाण्याचा हक्क आणि सादरीकरणाच्या विपर्यासाला हरकत घेण्याची मुभा या तिन्ही गोष्टी २०१२ च्या दुरुस्तीने दिल्या. हे स्वामित्वधन नेमके कोणी भरायचे यावर त्यानंतरही तंटे झाले.

कायदा आणि व्यवहार यांतले अंतर नागपुरात ऑक्टोबर आणि एप्रिलच्या आधी, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि आंबेडकर जयंती जवळ आली की, स्पष्ट दिसते. छोट्या स्टुडिओत दिवसभरात चार-पाच गाणी ध्वनिमुद्रित होतात, गाणारीला हातावर रक्कम मिळते, गाणे हजारो मोबाइलवर वाजते आणि त्याखाली बहुधा नाव असते ते वाहिनीचे. कागद झालाच तर तो निर्मात्याकडे राहतो. म्हणून या गायिकेची पहिली अट रकमेची नाही. करार लेखी असावा, त्यात गाणारीचे नाव कुठे लागेल हे नमूद असावे आणि सहीची एक प्रत तिथल्या तिथे तिच्या हाती पडावी, एवढीच ती आहे.