दुतोंड्या मारुती आणि पेशीतले दरवाजे

पाऊस लागला की आम्हा नाशिककरांचा पहिला प्रश्न ठरलेला, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? कमरेला लागलं म्हटलं की गोदावरी किती चढलीय याचा अंदाज येतो, घाटावर जायचीही गरज नाही. पण त्या पातळीवरून गंगापूर धरणाचे किती दरवाजे उघडलेत आणि एकेकातून किती पाणी येतंय हे सांगता येईल का? एक मोठा उघडला काय नि दहा छोटे उघडले काय, मारुतीला सगळं सारखंच.

पेशीचंही अगदी असंच आहे. तिच्या पातळ आवरणात प्रोटीनचे दरवाजे असतात, त्यांना आयन चॅनल म्हणतात, त्यातून सोडियम, पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ये-जा करतात आणि तोच करंट, हृदयाचा ठोका काय नि चटका बसल्यावर झटकन मागे येणारा हात काय, सगळं त्यावरच चालतं. करंट तर मोजला, पण एका दरवाजाचा किती?

इथे मला प्रचंड आवडणारी गोष्ट येते. हे दरवाजे कधी उघडतील याचा नेम नसतो, जो तो आपल्या मर्जीचा मालक, त्यामुळे एकूण करंट सारखा थरथरत असतो. समजा करंट सरासरी १००० पिकोअँपिअर (करंटचं अगदी बारीक माप) आहे. एकेका दरवाजातून १ पिकोअँपिअर येत असेल तर साधारण १००० उघडे, आणि थरथर १००० च्या वर्गमुळाइतकी, ३२ च्या आसपास. पण एकेकातून १० येत असतील तर उघडे फक्त १००, त्याचं वर्गमूळ १०, आणि थरथर १० गुणिले १०, थेट १०० पिकोअँपिअर! सरासरी तीच, थरथर तिप्पट. म्हणजे थरथर मोजली की न दिसणारा एक दरवाजा किती मोठा ते कळतं. बर्नार्ड काट्झ आणि रिकार्डो मिलेदी या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये बेडकाच्या स्नायूवर अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे मज्जातंतूचा निरोप स्नायूला देणारं, दरवाजे उघडणारं रसायन, सोडून व्होल्टेजमधली अशीच थरथर मोजली, आणि पुढे त्यातूनच कळलं की एकेक दरवाजा जेमतेम १ मिलिसेकंद उघडा राहतो. बाकीचे लोक ज्याला नॉइज म्हणून गाळून टाकतात त्यातच उत्तर होतं.

मग १९७६ मध्ये जर्मनीतल्या एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी एकटा दरवाजाच पकडला. जेमतेम काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टोकाची काचेची नळी पेशीवर टेकवायची, टोकाखाली येईल तेवढंच आवरण बघायचं. पुढे १९८० च्या सुमारास लक्षात आलं की स्वच्छ नळीतून हलकेच ओढ दिली की आवरण काचेला असं घट्ट चिकटतं की फटीतून गळणारा करंट जवळजवळ थांबतो. हे सगळं जाळीच्या पिंजऱ्यात करायचं, नाहीतर ट्यूबलाइटची आणि वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण सगळं बुडवून टाकते, कारण १ पिकोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. तरी तेवढ्यातही सेकंदाला ६२ लाख आयन जातात बरं का! स्क्रीनवर सपाट रेघ चाललेली असते, एकदम खाली पायरी पडते, काही मिलिसेकंद तिथेच, की परत वर. एक प्रोटीन उघडलं आणि मिटलं, ते डोळ्यांसमोर. दोघांना १९९१ चं नोबेल मिळालं.

दाताचा डॉक्टर बधिर करायला हिरडीत लिडोकेनचं इंजेक्शन देतो ते सोडियमचे दरवाजे अडवतं. नेहेर आणि स्टाइनबाख यांनी १९७८ मध्ये लिडोकेनच्याच जातीतलं एक औषध अ‍ॅसिटिलकोलीनच्या दरवाजांवर सोडून पाहिलं, तर एरवी सलग दिसणारी पायरी तुटक तुटक झाली, लुकलुकायला लागली. औषधाचा एकेक रेणू उघड्या दरवाजात येऊन अडकत होता आणि निघून जात होता.