'के' कवचाच्या आधी 'ए' का नाही?

आठवीला अणूचा धडा सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. फळ्यावर मधोमध केंद्रक काढायचं, भोवती इलेक्ट्रॉनच्या कवचांची वर्तुळं काढायची, पहिल्याला के म्हणायचं, मग एल, एम, एन. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, ए बी सी डी कुठे गेले?" मानखुर्दच्या आमच्या शिकवणीत गेल्या वर्षी एका पोराने उत्तरही देऊन टाकलं: "के म्हणजे केंद्रक, म्हणून!" वर्ग खूश. उत्तर साफ चूक, पण धड्यातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा तेच मुलांच्या जास्त लक्षात राहिलं.

पुस्तकात चार शास्त्रज्ञ चार परिच्छेदांत उरकलेले असतात. एकाने चूक केली, पुढच्याने सुधारली, असा सरळ हिशेब. घडलं ते इतकं सरळ नाही. मुलं डोळे मिटून पाठ करतात त्या नावांत, चिन्हांत आणि अक्षरांत जुने अंदाज आणि जुनी भांडणं जशीच्या तशी राहून गेली आहेत. ती माहीत असली तर पाठांतर निम्म्यावर येतं, असा माझा अनुभव आहे.

नावापासूनच घ्या. ट्रॉम्बेच्या संस्थेचं मराठी नाव भाभा अणुसंशोधन केंद्र, हिंदी नाव भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. संस्था एकच, पण आपला अणू तो हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. हिंदी माध्यमातून मराठी शाळेत आलेलं मूल पहिल्या चाचणीत हमखास इथे गुण घालवतं. दोन्ही शब्द मूळचे वैशेषिक दर्शनाच्या परंपरेतले. कणादांच्या या परंपरेत परमाणू म्हणजे ज्याचा आणखी भाग पडत नाही तो कण; दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. कवडशात तरंगताना दिसणारा धुळीचा कण हा या हिशेबात डोळ्यांना दिसणारा सगळ्यात लहान पदार्थ. कल्पना देखणी आहे, पण ती तर्काने मांडलेली आहे, तराजूने नाही. कणादांना इलेक्ट्रॉन माहीत होता असं सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांना माझ्याकडे थारा नाही.

तराजू आला तो डाल्टनच्या वेळी. १८०३ पासून त्याने विचार मांडायला सुरुवात केली आणि १८०८ साली ग्रंथ काढला. कार्बनची दोन ऑक्साइडं घ्या. कार्बन तेवढाच ठेवला तर दुसऱ्यात ऑक्सिजन पहिल्याच्या बरोबर दुप्पट भरतो. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही. पदार्थ सुट्या नगांचा बनलेला असेल तरच असं होईल. एवढ्या साध्या हिशेबावर डाल्टनचा भरीव गोळा उभा राहिला आणि पुढची नव्वद वर्षं टिकला. आत काही असेल अशी शंका घ्यायला रसायनशास्त्रात कारणच नव्हतं.

कारण आलं विजेकडून. इथे आधी उणे चिन्हाचं बघू. इलेक्ट्रॉनवर ऋणप्रभार का? तर १७४७ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने तसं ठरवलं म्हणून. वीज हा एकच प्रवाही पदार्थ आहे, जिथे तो जास्त तिथे अधिक, जिथे कमी तिथे उणे, असं त्याने मानलं. घासलेल्या काचेत तो जास्त आहे हा निव्वळ अंदाज होता. दीडशे वर्षांनी कळलं की वाहून नेला जाणारा कण नेमका उलट बाजूचा आहे. तोवर पुस्तकं, यंत्रं, सूत्रं सगळं त्या चिन्हांवर उभं होतं. म्हणून आजही विद्युतधारेचा बाण एकीकडे आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे जातात, आणि दहावीची मुलं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून आकृती खोडतात.

'इलेक्ट्रॉन' हे नावही कण सापडण्याआधीचं. फॅरेडेने १८३० च्या दशकात क्षारांच्या द्रावणांतून वीज सोडून किती धातू जमतो ते मोजलं होतं. त्या मोजमापांतून विजेचं एक ठरावीक किमान माप असावं असं जॉर्ज स्टोनीला दिसलं आणि १८९१ साली त्याने त्या मापाला इलेक्ट्रॉन म्हटलं. ग्रीक भाषेत इलेक्ट्रॉन म्हणजे अंबर, घासल्यावर गवताची काडी ओढून घेणारं. संस्कृतात त्यालाच तृणमणी म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत इलेक्ट्रॉनला विजाणू म्हणत. शब्द छान होता, टिकला नाही.

मग १८९७. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन काचेच्या नळीतल्या ऋणाग्र किरणांच्या मागे लागला होता. नळीतली हवा काढून घ्यायची, दोन टोकांना मोठा विद्युतदाब द्यायचा, की ऋण टोकाकडून काहीतरी निघतं आणि समोरची काच हिरवट चमकते. हे काय आहे यावर दोन तट पडले होते. जर्मन म्हणत लहरी, इंग्रज म्हणत कण. हर्ट्झने विद्युतक्षेत्राने हे किरण वळवून पाहिले होते, ते वळले नाहीत. म्हणून कण नव्हेत, असा त्याचा निष्कर्ष. थॉमसनच्या लक्षात आलं की नळीत उरलेली हवाच घोटाळा करते आहे. जास्त चांगली निर्वात नळी केल्यावर किरण वळले. नळ्या फुंकणारा हात त्याचा मदतनीस एबेनेझर एव्हरेट याचा. थॉमसन स्वतः इतका धसमुसळा होता, की नाजूक उपकरणांना त्याने हात न लावलेलाच बरा असं सगळ्यांचं मत. धड्यात एव्हरेटचं नाव नसतं.

किरण किती वळतात यावरून थॉमसनने कणाचं वस्तुमान आणि प्रभार यांचं गुणोत्तर काढलं. ते हायड्रोजनच्या आयनाच्या मानाने हजारेक पटींनी लहान निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नळीत कुठलाही वायू भरा, टोकाला कुठलाही धातू लावा, आकडा तोच. म्हणजे हा कण सगळ्याच पदार्थांत आहे. डाल्टनचा अविभाज्य गोळा तिथे फुटला. आज आपण इलेक्ट्रॉनचं वस्तुमान केंद्रकातल्या धनप्रभारी प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या भागाइतकं धरतो. थॉमसन मात्र कितीतरी वर्षं त्याला इलेक्ट्रॉन म्हणायला तयार नव्हता, त्याचा शब्द 'कॉर्पसल' होता.

गंमत अशी, की पुस्तक आतून बाहेर जातं: आधी प्रोटॉन, मग न्यूट्रॉन, शेवटी इलेक्ट्रॉन. शोध लागले ते बाहेरून आत. आणि अणू एकंदर प्रभाररहित असतो, तर ऋण कणांना तोलणारं धन कुठे आहे, हा प्रश्न थॉमसनपुढे उभा राहिला. १९०४ साली त्याने धनप्रभाराचा गोळा आणि त्यात फिरणारे इलेक्ट्रॉन असं प्रारूप मांडलं. प्लम पुडिंग हे नाव त्याने दिलेलं नाही, ते इतरांनी चिकटवलं. मी रव्याच्या लाडवातले बेदाणे सांगतो. फरक इतकाच, की थॉमसनचे बेदाणे लाडवाच्या आत कड्यांमध्ये फिरत होते.

लाडू मोडला तो अल्फा कणांनी, आणि अल्फा कणाच्या गोष्टीची एक वाट आपल्या कोकणातून जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात निरीक्षकांना सूर्याच्या कडेचा प्रकाश रंगांत फोडून पाहताना एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमची असेल असं आधी वाटलं; पण सोडियमच्या दोन पिवळ्या रेघांशी ती जुळेना. मूलद्रव्य नवं, नाव पडलं हीलियम. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरला हीलियम सापडला असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात, पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होता आणि ती रेघ त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय पाहिली. भारतात ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर विजयदुर्गाला आला तो १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याचं मोल यामुळे कमी होत नाही, तारीख तेवढी तीस वर्षांनी पुढे सरकते.

१८९५ साली रॅम्से याला हीलियम पृथ्वीवर सापडला, तोही युरेनियमच्या खनिजात. युरेनियममध्ये हीलियम कशाला? उत्तर रदरफोर्डने दिलं: युरेनियम, रेडियम यांसारखी मूलद्रव्यं जे अल्फा कण फेकतात, ते प्रभार असलेले हीलियमचेच अणू. आता त्याच्या हातात एक जड, वेगवान गोळी होती.

१९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन यांनी ही गोळी धातूंच्या पातळ पत्र्यांवर सोडली. सोन्याचा पत्रा मिठाईवरच्या वर्खाच्या जातीचा. पलीकडे झिंक सल्फाइडचा पडदा. कण आदळला की तिथे बारीकशी ठिणगी चमकणार. ती दिसावी म्हणून आधी अर्धा तास अंधारात बसून डोळे तयार करायचे, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक ठिणगी मोजायची. बहुतेक कण आरपार गेले. पण प्लॅटिनमच्या पत्र्यावरून आठ हजारांत एखादा कण चक्क मागे आला. लाडवातून असं होणं शक्य नव्हतं. रदरफोर्डने जवळजवळ दोन वर्षं डोकं खाजवून १९११ साली उत्तर छापलं: धनप्रभार आणि जवळपास सगळं वस्तुमान मधल्या एका अतिसूक्ष्म ठिकाणी आहे.

किती सूक्ष्म? हायड्रोजनचं केंद्रक काबुली चण्याएवढं धरा आणि तो चणा चर्चगेट स्टेशनात ठेवा. इलेक्ट्रॉन साधारण तीनशे मीटरांवर, जवळपास मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी. मध्ये काही नाही. सकाळी नऊच्या चर्चगेटला मध्ये काही नाही ही कल्पना करणं मुंबईच्या मुलांना जड जातं, हे मान्य.

पण फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने प्रकाश फेकत फेकत केंद्रकात कोसळायला हवं होतं. नील्स बोरने १९१३ साली सरळ जाहीर केलं, की ठरावीक कक्षांत तो ऊर्जा गमावतच नाही; गमावतो ती वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत येताना, ठरावीक मापाने. हे सिद्ध केलेलं नव्हतं, गृहीत धरलेलं होतं. पण हायड्रोजनच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या, रेघांचे आकडे त्यातून चोख आले. याचा पुरावा घरी बघायचा असेल तर डाळ उतू जाताना बघा. निळ्या ज्योतीवर मिठाचं पाणी सांडलं की ती क्षणभर पिवळीधमक होते. सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कवचाकवचातली इलेक्ट्रॉनची मांडणी, २, ८, १. शेवटचा तो एकटा इलेक्ट्रॉन आचेने वर चढतो आणि खाली येताना पिवळा प्रकाश देतो. मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या दिव्यांतही हाच सोडियम होता. २०१५ साली तिथे एलईडी लागले तेव्हा राणीचा रत्नहार पांढरा पडला म्हणून मुंबईकरांनी ओरड केली, ती म्हटलं तर या एका इलेक्ट्रॉनसाठीच होती.

केंद्रकातला प्रभार नसलेला कण, न्यूट्रॉन, सापडला थेट १९३२ मध्ये, चॅडविकला, पुन्हा कॅव्हेंडिशमध्ये. तेव्हा केंब्रिजला एलफिन्स्टन कॉलेजातून गेलेला एक मुंबईकर शिकत होता, होमी भाभा. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनप्रभारी जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं त्यांनी पुढे १९३५ साली केलेलं गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत सुरू झालेल्या अणुभट्टीच्या पाण्यातली निळी झळाळी हीसुद्धा इलेक्ट्रॉनचीच करामत: पाण्यात प्रकाशाचा जो वेग असतो, त्याहून जास्त वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन तो निळा प्रकाश देतात. ती झळाळी पाहून नेहरूंनी भट्टीचं नाव अप्सरा ठेवलं.

बोरच्या गोल कक्षा १९२६ नंतर टिकल्या नाहीत. श्रोडिंगरच्या समीकरणाने इलेक्ट्रॉनची वाट पुसून फक्त कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच ठेवलं. आठवीत मात्र वर्तुळंच काढतात आणि ते ठीकच आहे. फक्त एक हुशार मुलगी दरवर्षी अडवते: एम कवचात १८ मावतात, मग पोटॅशियम २, ८, ८, १ का? २, ८, ९ का नाही? कारण कवचांत उपकवचं असतात आणि चौथ्या कवचातलं पहिलं उपकवच तिसऱ्यातल्या शेवटच्याआधी भरतं. हे अकरावीत येतं. त्या उपकवचांची एस, पी, डी ही अक्षरंसुद्धा इलेक्ट्रॉन सापडण्याआधीची आहेत. वर्णपट पाहणाऱ्यांनी रेघांच्या मालिकांना शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज अशी नावं दिली होती, त्यांची ही आद्याक्षरं.

आणि के? चार्ल्स बार्क्ला क्ष-किरणांवर काम करत होता. मूलद्रव्यांतून त्याला दोन जातींचे क्ष-किरण मिळाले, एक जास्त भेदक, एक कमी. आधी त्याने त्यांना ए आणि बी म्हटलं. मग वाटलं, याहून भेदक किरण उद्या सापडले तर त्यांना काय म्हणायचं? म्हणून १९११ साली त्याने मधली के आणि एल ही अक्षरं घेतली. मोझलीने १९१३-१४ मध्ये याच किरणांच्या मोजमापांवरून मूलद्रव्यांचे अणुअंक लावले आणि १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत सत्ताविसाव्या वर्षी तो मारला गेला. के किरण सगळ्यात आतल्या कक्षेत इलेक्ट्रॉन पडल्याने निघतात हे कोसेलने १९१४ साली दाखवलं, आणि त्या कक्षेलाच के म्हणायला लागले. तिच्या आत आणखी कक्षा नाही. लोकलमध्ये मागून येणाऱ्यांसाठी रुमाल टाकून जागा धरावी तशी बार्क्लाने ए ते जे अक्षरं धरून ठेवली. कुणी आलंच नाही, दहा रुमाल अजून तसेच पडून आहेत.