आधी घराची मागची बाजू

१८ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी जपानच्या क्युशू बेटावर, ओइता शहराच्या सागानोसेकी भागात एक घर पेटले. सागानोसेकी ही मासेमारांची जुनी वस्ती. तिथला 'सेकी साबा' हा बांगड्याच्या जातीचा मासा जपानभर नावाजलेला आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी, मधले बोळ इतके अरुंद की बंब आत वळवता येत नाही. त्या रात्री वाराही जोराचा होता. १७० हून अधिक इमारती जळाल्या, एक जण दगावला आणि ठिणग्या उडत उडत किलोमीटरभराहून लांबच्या एका निर्जन बेटावर पडून तिथली झाडी पेटली.

इतक्या शिस्तीच्या आणि पैशाच्या देशात एका घराची आग अख्खी आळी कशी खाते, असे आपल्याला वाटते. जपानी बंबवाल्यांना मात्र यात नवल वाटत नाही. त्यांची सगळी शिकवण याच भीतीभोवती रचलेली आहे.

या शिकवणीत एक क्रम पाठ करून घेतला जातो. समोर रस्ता आणि बाकी तीन बाजूंना घरे अशा जागी, म्हणजे एखाद्या चौकोनी आळीच्या कडेला घर पेटले, तर पाणी आधी मागच्या बाजूला, मग दोन्ही कुशींना, मग वरच्या मजल्यावर आणि सर्वांत शेवटी तळमजल्यावर. समोरच्या बाजूची फारशी काळजी नसते, कारण तिथे रस्ता आहे आणि रस्ता आग अडवतो. मागे दोन घरांत कधी कधी हातभरसुद्धा फट नसते. तिथून आग शेजारच्या पन्हळीखाली शिरली की रस्त्यावरून कोणाला दिसतही नाही. आत माणूस अडकला असेल तर अर्थात आधी त्याची सुटका. ती चिंता नसेल, तर पेटलेल्या घराच्या दारात मालक आक्रोश करत असताना बंबवाले नळी खांद्यावर घेऊन शेजाऱ्याच्या परसात, त्याच्या कुंपणावर, त्याच्या गच्चीवर चढताना दिसतात. बघणाऱ्याला हे निर्दयपणाचे वाटेल. पण पेटलेले लाकडी घर बहुधा हातचे गेलेलेच असते, वाचवायचे असते ते पुढचे. हा हिशेब साडेतीनशे वर्षांहून जुना आहे.

१६५७ च्या मार्चमध्ये एडोला, म्हणजे आजच्या टोक्योला, आग लागली. ती 'मेइरेकीची आग' म्हणून ओळखली जाते. कित्येक आठवडे पाऊस नव्हता, वारा सुटलेला होता. आख्यायिका अशी की, एका अकाली गेलेल्या मुलीचा लांब बाह्यांचा किमोनो देवळात जाळत असताना तो वाऱ्याने उडाला आणि छपराला लागला. आख्यायिका सोडून देऊ. तीन दिवसांत शहराचा निम्म्याहून जास्त भाग गेला आणि मृतांचा परंपरागत आकडा १ लाखापर्यंत सांगितला जातो. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, किल्ल्याचा मुख्य मनोराही जळाला आणि तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. या आगीतली तुरुंगाची हकीकत विसरता येत नाही. देन्माचोच्या तुरुंगाधिकाऱ्याने कैदी जळून मरतील म्हणून त्यांना 'नंतर परत या' एवढ्या वचनावर मोकळे सोडले. कैदी पळाले अशी आवई उठली, आसाकुसाच्या पुलाजवळचा दरवाजा लावून घेतला गेला आणि पळणारे साधे नागरिक त्या बंद दरवाजापाशी हजारोंनी मेले. कैदी मात्र वचनाला जागले.

त्यानंतर एडोने दोन गोष्टी केल्या. पहिली, मोकळी जागा. ठिकठिकाणी वस्त्या उठवून रुंद रस्ते आणि मोकळी मैदाने ठेवली गेली, म्हणजे आगीला पुढे जायला काही मिळू नये. टोक्योतल्या उएनो-हिरोकोजी या नावातला 'हिरोकोजी' म्हणजे असाच रुंद रस्ता. सुमिदा नदीवर र्‍योगोकुचा पूलही याच आगीनंतर आला, कारण पूल नसल्याने नदीकाठी माणसे कोंडून मेली होती.

दुसरी गोष्ट, माणसे. १६५८ मध्ये शोगुनच्या सरदारांच्या हाताखाली कायमची आगपथके उभी राहिली, पण ती सांभाळायची किल्ला आणि सरदारांचे वाडे. सामान्य माणसाच्या वस्तीसाठी अठराव्या शतकाची वाट पाहावी लागली. शोगुन योशिमुनेच्या काळात शहराचा न्यायाधीश-कारभारी ओओका तादासुके याने नागरिकांचीच पथके बांधली आणि १७२० मध्ये सुमिदा नदीच्या पश्चिमेला ती 'इरोहा' या जपानी वर्णमालेच्या अक्षरांनी ओळखली जाऊ लागली. अशी पथके पुढे ४८ झाली, पण चार अक्षरे मुद्दाम बदललेली. 'हि' म्हणजे आग, त्यामुळे ते अक्षर आगवाल्यांना नको. 'हे' म्हणजे पादणे, ते तर कोणालाच नको.

या पथकांत भरणा होता 'तोबी' मंडळींचा. हे मुळात बांधकामावरचे मजूर, उंच लाकडी सांगाड्यांवर चढणारे. घर कसे उभे राहते हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते चटकन कसे पाडायचे हेही ठाऊक. त्यांचे मुख्य हत्यार पाणी नव्हते, आकडी होती: लांब दांड्याच्या टोकाला घारीच्या चोचीसारखे लोखंड. तोबी म्हणजे घारच. वाऱ्याच्या दिशेला, आगीच्या पुढची घरे या आकड्यांनी ओढून जमीनदोस्त करायची. सुक्याबरोबर ओले जळू नये म्हणून ओले आधीच मोडून टाकायचे, अशी ही रीत. हातपंपही त्याच शतकात आले, पण त्यांच्या धारेत दम नव्हता. त्यांचा उपयोग बराचसा माणसांना भिजवण्यापुरता. तोबीचा जाड, टाके घातलेला सुती अंगरखा पाण्याने निथळत ठेवायचा आणि मग धुरात शिरायचे.

पथकाचा एक गडी 'मातोई' नावाचे झालरीचे निशाण घेऊन एखाद्या छपरावर उभा राहायचा. त्याचा अर्थ: आग इथवर, याच्या पुढे नाही. खालच्यांनी ती हद्द राखली नाही तर आधी तोच जायचा. आग विझल्यावर तिथे पथकाच्या नावाची पाटी टांगली जाई आणि श्रेय कोणाचे यावरून मारामाऱ्याही होत. 'आगी आणि भांडणे ही एडोची फुले' ही म्हण फुकटची नाही.

आगीच्या या दहशतीने जपानी भाषेतही घर केले आहे. 'उदात्सु' म्हणजे दोन घरांच्या मधोमध छपराच्या वर काढलेली आगरोधक भिंत. ती बांधायला पैसा लागे, म्हणून ज्याची आयुष्यात प्रगतीच होत नाही त्याच्याबद्दल आजही 'याचा उदात्सु काही वर जात नाही' असे म्हणतात.

मेइजी काळात (१८६८ ते १९१२) वाफेचे पंप आले, टोक्योतली गिंझा ही पेठ विटांनी बांधली गेली, नळाचे पाणी आले. या काळातली एक गोष्ट मला यंत्रांपेक्षा महत्त्वाची वाटते. १८९९ मध्ये एक छोटासा कायदा झाला: चुकून लागलेल्या आगीने शेजाऱ्याचे घर जळाले, तर घोर निष्काळजीपणा नसेल तोवर भरपाई मागता येणार नाही. अशा वस्तीत एका चुलीच्या चुकीची भरपाई द्यायची म्हटली तर सात पिढ्यांत फिटणार नाही, हे सरकारने मान्य केले. तो कायदा आजही लागू आहे.

मग १ सप्टेंबर १९२३. टोक्यो परिसरातला कांतो भूकंप सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी झाला, घरोघरी जेवणाची तयारी चाललेली असताना. एकाच वेळी ठिकठिकाणी आगी, जमिनीखालचे नळ फुटलेले, जोराचा वारा. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ५ हजार. होंजो भागातल्या गणवेश-कोठाराच्या रिकाम्या मैदानावर लोक सामानसुमान घेऊन आसऱ्याला आले आणि आगीच्या वावटळीत तिथेच सुमारे ३८ हजार गेले. मेइरेकीनंतर मोकळ्या जागेवर ठेवलेला भरवसा असा उलटला. जागा मोकळी होती, पण गाद्या-पेट्यांनी भरून ती चुलीसारखी झाली होती. याच आगीत टोक्योच्या 'कांदा' नावाच्या भागातल्या इझुमिचो आणि साकुमाचो या दोन आळ्या मात्र वाचल्या. रहिवासी पळाले नाहीत. बादल्यांच्या रांगा लावून आणि तिथल्या कारखान्यातला पंप काढून ते रात्रंदिवस झगडले आणि सुमारे १,६०० घरे राखली.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, अग्निशमन पोलिसांपासून वेगळे होऊन नगरपालिकांकडे आले. त्याच वर्षीच्या अग्निसेवा कायद्याच्या २९ व्या कलमाने आग पसरू नये म्हणून न पेटलेली इमारतही मोडण्याचा अधिकार दलाला दिला. त्या इमारतीला आगीचा धोका नव्हता, तर मालकाला भरपाई मिळते. तोबींची आकडी कायद्यात आली ती अशी. प्रत्यक्षात हा अधिकार क्वचितच वापरला जातो, कारण आता पाण्याला जोर आहे.

आणि पाण्याचा हिशेब काटेकोर आहे. मिनिटाला १ घनमीटर याप्रमाणे ४० मिनिटे पुरेल असा हायड्रंट, म्हणजे बंबासाठीचा नळ, किंवा ४० घनमीटरची टाकी, ही एका पाणवठ्याची किमान मोजणी. वस्तीतल्या कुठल्याही घरापासून असा पाणवठा साधारण १०० ते १४० मीटरच्या आत हवा. हायड्रंट बहुतेक जमिनीखाली, पिवळ्या कडेच्या झाकणाखाली असतात. बंब पाणवठ्याशी लावायचा आणि पुढे बोळातून माणसांनी जायचे. बंबाच्या पाठीला नळ्यांची हातगाडी असते, ती ओढत नेली की नळी आपोआप उलगडत जाते. जोडणी फिरवून घट्ट करावी लागत नाही, एकात एक दाबली की खटकन बसते. बंब एकामागोमाग एक येत राहतात आणि प्रत्येक जण वेगळी बाजू धरून आगीला वेढा घालतो. एक तुकडी तर आगीकडे पाठ करून वाऱ्याच्या दिशेला लांब पाठवली जाते, छपरांवर पडणाऱ्या ठिणग्या शोधायला. मातोईवाल्याचेच हे काम, फक्त निशाण नाही.

पण मुळात असे बोळ अजून शिल्लक का? १९५० च्या इमारत कायद्याने रस्ता किमान ४ मीटर रुंद असावा असे ठरवले. जुन्या अरुंद गल्लीत घर नव्याने बांधायचे तर गल्लीच्या मध्यरेषेपासून २ मीटर मागे सरकायचे. हेतू चांगला होता: घरे हळूहळू बदलतील आणि गल्ली आपोआप रुंद होईल. पण ज्याचा प्लॉटच हातभर, त्याने मागे सरकायचे तर उरते काय? आणि ज्याची जमीन रस्त्याला २ मीटरसुद्धा भिडत नाही, त्याला नवे बांधताच येत नाही. म्हणून लोक जुनेच घर डागडुजी करून ठेवतात. गल्ली रुंद करायला केलेल्या नियमाने कितीतरी ठिकाणी जुने लाकूड जपून ठेवले, असेच म्हणावे लागते. टोक्योच्या सुमिदा वॉर्डातील क्योजिमासारखे भाग हे त्याचे उदाहरण. त्याच वॉर्डात नदीकाठी शिराहिगे-हिगाशीच्या इमारती आहेत: १३ मजली, सुमारे १.२ किलोमीटर लांब, एकमेकींना जोडलेली जणू एक तटबंदीच. पूर्वेकडची लाकडी वस्ती पेटली तर मागच्या मैदानात लोकांनी शिरायचे आणि पोलादी दारे लावून घ्यायची. शेजारच्या गल्ल्यांत रहिवाशांनी पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या आणि हातपंप बसवले आहेत. खर्चाचा विचार केला तर मला हातपंप जास्त शहाणपणाचे वाटतात.

१९९५ च्या जानेवारीत कोबेच्या भूकंपात नेमके १९२३ चे दुखणे परतले. नागाता वॉर्ड पेटला, पण नळ फुटल्याने हायड्रंट कोरडे. टाक्यांतले पाणी संपले. मग बंदरातून समुद्राचे पाणी एका बंबातून दुसऱ्यात असे ओढत आणावे लागले, आणि रस्त्यावर पसरलेल्या नळ्यांवरून गाड्या जाऊन त्या फुटत होत्या. शहरात ७ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. वीज परत आल्यावर पडक्या घरांतल्या शेगड्यांनी नव्या आगी लावल्या. त्यानंतर भूकंपात न फुटणाऱ्या टाक्या, धक्का बसताच वीज तोडणारे ब्रेकर आणि दूरच्या प्रांतांतून धावून येणारी राष्ट्रीय पथके आली. तरी २०२४ च्या पहिल्याच दिवशी नोतो भूकंपात वाजिमाचा सकाळचा बाजार भरणारा रस्ता जळाला. तिथे तर त्सुनामीच्या इशाऱ्यामुळे समुद्राजवळ जाणेच अवघड होते.

भूकंप नसताना गाठ पडते ती वाऱ्याशी. १९७६ मध्ये साकाता शहरात एका चित्रपटगृहातून निघालेल्या आगीने १,७७४ इमारती घेतल्या. मरण पावलेला एकमेव माणूस अग्निशमन दलाचा प्रमुख होता. २२ डिसेंबर २०१६ रोजी इतोइगावात एका रामेनच्या दुकानात भांडे चुलीवर राहिले. डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याने ठिणग्या जुन्या कौलांच्या फटीतून आतल्या फळ्यांवर नेल्या आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी नव्या आगी लागल्या. वेढा घालायचा तरी कशाला, हेच कळेना. पाणी कमी पडू लागले तेव्हा काँक्रीटच्या मिक्सर गाड्या पाणी भरून धावल्या. १४७ इमारती गेल्या, मृत्यू एकही नाही. १६५० पासूनची साकेची भट्टीही त्यात जळाली. २०१९ पासून चूल पेटवणाऱ्या छोट्यातल्या छोट्या खानावळीलाही अग्निशामक नळकांडे सक्तीचे झाले ते यामुळे.

बोळात बंब पोचण्याआधीचे पहिले हात नेहमी वस्तीतले असतात. नागरी अग्निसेवा दलाचे स्वयंसेवक, 'शोबोदान', एकेकाळी २० लाखांच्या आसपास होते. आता ८ लाखांच्याही खाली आहेत, आणि त्यांतले बरेच जण दिवसा दुसऱ्या गावात नोकरीला. त्यांच्याकडे केई जातीच्या चिमुकल्या गाड्या आहेत, उचलून न्यायचे पंप आहेत, बोळात शिरायला याहून योग्य काही नाही. टोक्योत तर साध्या रहिवाशांना हायड्रंटचे झाकण उघडून त्यावर उभा पाइप लावायला शिकवतात. सागानोसेकीत मात्र बरीच घरे रिकामी होती. तिथे आग पोचली तेव्हा आतून बंबवाल्यांचा ११९ क्रमांक फिरवणारे कोणी नव्हते आणि बादली पुढे द्यायलाही कोणी नव्हते.