फुटबॉल स्पर्धेसाठी संघाच्या रंगांची नोंदणी: यजमान व पाहुण्या संघाचे नियम आणि लागणारी कागदपत्रे

फुटबॉल स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरताना खेळाडूंची यादी, जन्मदाखले आणि शुल्क यांकडे सर्वांचे लक्ष असते. किटच्या रंगाचा रकाना मात्र ‘निळा’ एवढा एकच शब्द लिहून भरला जातो. ही घाई सामन्याच्या दिवशी नडते. एका स्पर्धेत आमच्या संघाने गडद निळा रंग नोंदवला होता, समोरचा संघ काळ्या जर्सीत उतरला, आणि ढगाळ हवेत पहिल्या दहा मिनिटांतच आमच्या मधल्या फळीतल्या मुलाने दोनदा चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिला. पंचांनी खेळ थांबवला, आम्हाला सरावाची नारिंगी बिबे (जर्सीवरून घालायचे बिनबाह्यांचे कपडे) चढवावी लागली आणि त्यांखाली पाठीवरचे क्रमांक झाकले गेल्याने खेळाडू बदलताना प्रत्येक वेळी गोंधळ झाला. म्हणूनच हा विषय जर्सी शिवायला टाकण्याआधीच समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मूळ तरतूद खेळाच्या नियमांपैकी चौथ्या नियमात आहे. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांच्या पोशाखापासून वेगळे ओळखू यायला हवेत, तसेच प्रत्येक गोलकीपरचा रंग इतर खेळाडूंपासून व पंचांपासून वेगळा हवा, असे हा नियम सांगतो. दोन्ही गोलकीपरच्या जर्सी एकाच रंगाच्या निघाल्या आणि दोघांकडेही दुसरी नसेल, तर पंच सामना खेळू देतात. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की या तरतुदीत ‘यजमान’ आणि ‘पाहुणा’ हे शब्दच नाहीत. रंग सारखे आले तर कोणी बदलायचे, हे त्या त्या स्पर्धेची नियमावली ठरवते. इंग्लंडच्या लीगमध्ये सुरुवातीला यजमान संघाने जर्सी बदलायची पद्धत होती. 1921 मध्ये ती उलटी करून हा भार पाहुण्या संघावर टाकण्यात आला, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच रीत आहे. तटस्थ मैदानावरच्या स्पर्धेत वेळापत्रकात ज्याचे नाव आधी छापलेले असते, तो संघ सहसा यजमान मानला जातो. त्यामुळे स्वतःच्या गावच्या मैदानावर खेळत असूनही कागदोपत्री आपण पाहुणे असू शकतो. हे वेळापत्रक हाती येताच तपासावे.

रंगनोंदणी करावी लागते ती स्पर्धेत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक संघाला, मग तो क्लब असो, तालीम मंडळ असो वा महाविद्यालय. पत्रकाचा नमुना आयोजकांकडून मिळतो. त्यात मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही किटांचे जर्सी, शॉर्ट आणि मोजे हे तिन्ही घटक स्वतंत्रपणे लिहावेत, कारण जर्सी वेगळी असूनही शॉर्ट व मोजे सारखे असले, तर पायांच्या गर्दीत चेंडू कोणाला लागून बाहेर गेला हे पंचांना कळणे कठीण जाते. गोलकीपरचे रंग वेगळे नोंदवावेत. सोबत प्रत्येक किटचे पुढून व मागून काढलेले छायाचित्र आणि जर्सी क्रमांकांसह खेळाडूंची यादी जोडावी. आयोजकांनी मागितल्यास प्रत्यक्ष नमुनाही सादर करावा. मंजुरी लेखी घ्यावी आणि तिची प्रत संघ व्यवस्थापकाने मैदानावर सोबत ठेवावी.

पर्यायी रंग निवडताना मोठी चूक होते ती इथे: दोन रंगांची नावे वेगळी असली म्हणजे ते मैदानावर वेगळे दिसतातच असे नाही. विश्वचषकात फिफा प्रत्येक संघाकडून एक प्रामुख्याने गडद आणि एक प्रामुख्याने फिकट किट मागते, ते याचसाठी. भारतातल्याच एफसी गोवा क्लबचा नारिंगी आणि केरला ब्लास्टर्स क्लबचा पिवळा हे नावाने दोन रंग असले, तरी दिव्यांच्या उजेडात जवळ जाऊ शकतात. शिवाय साधारण 12 पुरुषांमागे एकाला रंगांधत्व असते आणि त्यांतल्या बहुतेकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याच संघातला एखादा बचावपटू त्यांत असू शकतो. सोपी चाचणी अशी, की दोन्ही जर्सी गवतावर शेजारी पसरून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या, तर ती जोडी सोडून द्यावी.

1978 च्या विश्वचषकात फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे पांढऱ्या जर्सी घेऊन पोहोचले. शेवटी किंबर्ली या स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागवून फ्रान्सला खेळावे लागले, सामना उशिरा सुरू झाला, आणि काही खेळाडूंच्या जर्सीवरचा क्रमांक एक तर शॉर्टवरचा दुसराच होता. फ्रान्सने तो सामना 3-1 असा जिंकला.

चौथ्या नियमानुसार जर्सीच्या आतला बनियन बाहीच्या मुख्य रंगाचा, आतली घट्ट चड्डी शॉर्टच्या मुख्य किंवा तळाच्या काठाच्या रंगाची, आणि मोज्यांवरची चिकटपट्टी त्या भागातील मोज्याच्याच रंगाची हवी. एखाद्याच्या किटमध्ये अशी त्रुटी आढळली तर पंच त्याला बाहेर पाठवू शकतात, आणि पंचांनी तपासल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. तेवढा वेळ संघ दहा जणांनी खेळतो. राखीव खेळाडूंची बिबेही दोन्ही संघांच्या जर्सीहून वेगळ्या रंगाची ठेवावीत.

सामन्याआधीच्या बैठकीत दोन्ही संघांचे किट पंचांपुढे ठेवले जाते. यजमान म्हणून नोंद असली, तरी पर्यायी संच आणि गोलकीपरची दुसरी जर्सी त्या दिवशी पिशवीत हवीच, कारण नोंदणी पत्रकात काहीही लिहिलेले असले तरी मैदानावर रंग वेगळे ओळखू येतात की नाही, याचा शेवटचा निर्णय पंचांचा असतो.