इंजिनचे काम झाल्यानंतरचे पहिले पंधराशे किलोमीटर

आपल्या गाडीचे इंजिन आमच्याकडे पूर्ण उघडून पुन्हा बांधले आहे. सिलिंडर बोअर करून (आतून किंचित मोठा कापून) होनिंग केले आहे, त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन व पिस्टनवरच्या नव्या रिंगा घातल्या आहेत, क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग बसवली आहेत आणि हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागाचे, फेसिंग (तळ सपाट) करून व्हॉल्व्ह घासून बसवले आहेत. गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात आम्हाला येणारे बहुतेक फोन धूर, ऑइल, तापमान आणि आवाज यांविषयी असतात. त्यांपैकी कशाकडे नुसते लक्ष ठेवावे आणि कोणत्या वेळी गाडी जागच्या जागी बंद करावी, हे ग्राहकाला स्वतःला ठरवता यावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

होनिंगमुळे सिलिंडरच्या आतल्या बाजूला एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या, बारीक रेघा पडतात. त्या रेघांत ऑइल टिकते आणि त्यांच्या खरखरीवर घासून रिंग आपली जागा करून घेते. रिंग सिलिंडरवर घट्ट दाबली जाते ती मुख्यतः इंधन जळताना निर्माण होणाऱ्या दाबाने, आणि इंजिनवर थोडा भार असल्याशिवाय तो दाब पुरेसा मिळत नाही. त्यामुळे नवे काम आहे म्हणून गाडी दारात उभी करून न्यूट्रलमध्ये चालू ठेवणे, याला आम्ही जपणे म्हणत नाही. आमच्या एका ग्राहकांनी आपली ओम्नी रोज सकाळी तासभर अशी चालू ठेवली होती. दोन महिन्यांनी ती निळा धूर सोडत परत आली आणि हेड काढले तेव्हा सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत झालेला होता, होनिंगची रेघ औषधालाही उरली नव्हती. पुन्हा होनिंग करून पुन्हा रिंगा घालाव्या लागल्या.

गाडी चालवताना तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ६० पर्यंत अर्ध्या ॲक्सिलरेटरने वेग वाढवावा, नंतर पाय काढून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यावी, आणि रस्ता मोकळा असेल तेथे हे पुनःपुन्हा करावे. पहिले ५०० किलोमीटर ताशी ७० च्या वर जाऊ नये, हायवेवर तासभर एकाच वेगाने चालवू नये आणि वरच्या गिअरमध्ये चढ ओढायला लावू नये. कोल्हापुरात गाडीचे काम झाले की घरच्या सगळ्यांना घेऊन जोतिबाच्या दर्शनाला जाण्याची पद्धत आहे. आमची विनंती एवढीच, की पहिली फेरी नृसिंहवाडीला करावी, कारण तो रस्ता सपाट आहे. भरल्या गाडीने जोतिबाचा डोंगर ५०० किलोमीटर झाल्यावर चढावा. सीएनजी बसवलेली गाडी तोपर्यंत पेट्रोलवर चालवावी.

धूर दिसल्यास तो कोणत्या वेळी येतो हे आधी पाहावे. रिंगा बसेपर्यंत थोडा निळसर धूर येणे आणि ऑइल थोडे कमी होणे स्वाभाविक आहे, मात्र ते दर आठवड्याला घटत गेले पाहिजे. उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर एकदम येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. भार असताना सतत येत असेल तर रिंगांवर. सकाळची पांढरी वाफ इंजिन तापले की जाते. न जाणारा, किंचित गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरचे पाणी) सिलिंडरमध्ये उतरत आहे, आणि अशा वेळी गाडी चालवत आणू नये.

ऑइलची पातळी दर १०० किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहावी. पहिल्या ऑइलमध्ये चंदेरी झाक दिसते, ती रिंगांच्या घासण्याची आहे. बोटांत चुरल्यावर नखाला अडकणारे कण, विशेषतः तांबूस रंगाचे, दिसले तर बेअरिंग घासत असण्याची शक्यता धरून ताबडतोब कळवावे. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत थोडा पांढरा फेस जवळच्या फेऱ्यांमुळेही धरतो; तोच डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे.

तापमानाचा काटा सुरुवातीला नेहमीपेक्षा किंचित वर राहू शकतो. तो अचानक चढून पुन्हा उतरत असेल तर बहुधा कूलंटमध्ये हवा अडकलेली असते. आम्ही हवा काढूनच गाडी देतो, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरची पातळी पाहावी आणि कमी असल्यास भरावी. गरम असताना झाकण उघडू नये. पाणी पूर्ण गेले असेल तर सेन्सर कोरडा पडून काटा खोटाच खाली येतो, म्हणून खाली आलेल्या काट्यावर विसंबून पुढे जाऊ नये.

ऑइलचा लाल दिवा लागला, नुसता मिणमिणला तरीही, इंजिन तेथेच बंद करावे आणि फोन करावा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून चालवत आणलेल्या गाडीचा क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला गेलेला आम्ही पाहिला आहे. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) हलकी टिकटिक चालेल. भार दिल्यावर खोलातून येणारा ठोका चालणार नाही.

गळतीसाठी रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी डाग कोणत्या भागाखाली पडला त्याचा फोटो पाठवावा. एखादी क्लिप आमच्याकडूनही सैल राहू शकते, आणि तसे असल्यास ते काम आम्ही मोफत करतो. ग्राहकांनी स्वतः किंवा वाटेतल्या मेकॅनिककडून बोल्ट आवळून घेऊ नयेत, कारण जास्त आवळल्याने गॅस्केट दबून गळती वाढते.

५०० किलोमीटर झाल्यावर ऑइल व फिल्टर बदलणे, टॅपेट सेट करणे आणि कंपनीने सांगितले असेल त्याच इंजिनांत हेडचे बोल्ट पुन्हा ताणणे, ही कामे आम्ही करतो. दुसरे ऑइल १५०० ला बदलतो आणि त्या वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजतो. टॅपेट थंड इंजिनवर सेट करावयाचे असल्याने गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावावी.